गळाचे गांडूळ

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. आज ज्या जिवाविषयी सांगायचे आहे, त्याची आठवण आपल्याला एरवी फक्त शिवी देताना होते. कणा नसलेल्या माणसाला आपण गांडूळ म्हणतो. मात्र गळ घेऊन ओढ्याकडे निघालेला पोरगा आधी त्याच्याच शोधात जातो. न्हाणीच्या पाण्याची ओल, केळीचा बुंधा, उकिरड्याची कड या जागा त्याला पाठ असतात. चार ठिकाणी माती उलटली की करवंटी भरली!

ही पोरांची विद्या क्षुल्लक समजू नका. गळ आणि आमिष यांना ग्रंथांतही मान मिळालेला आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, हा जुना उल्लेख ज्या ग्रंथात सापडतो, तोच हा. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणाला कसले आमिष द्यावे, हे राजाने त्यात सांगितले आहे.

तिकडे इंग्लंडात 1653 साली आयझॅक वॉल्टन याने मासे धरण्याच्या कलेवर पुस्तक लिहिले. त्याने गांडुळांची फार बारकाईने दखल घेतली. पकडलेली गांडुळे ओल्या शेवाळात ठेवावीत, शेवाळ उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी बदलावे, असे तो सांगतो. आणि कोरड्या दिवसांत गांडुळे मिळेनाशी झाली तर? मिठाचे पाणी जमिनीत ओतावे. ती झटकन वर येतात. आपण मात्र हा उपाय शेतात करू नये, बरं का! मिठाने जमीन बिघडते.

पुढे मिठाच्या पाण्याची गाठ आणखी एका मासेमाऱ्याशी पडली. चार्ल्स डार्विन लहानपणी तासन्‌तास गळ टाकून बसे. मेअर या गावी मामाच्या घरी असताना त्याला कोणी सांगितले की, मिठाच्या पाण्याने गांडूळ मारता येते. त्या दिवसापासून त्याने जिवंत गांडूळ गळाला कधी टोचले नाही. त्यामुळे मासे बहुधा थोडे कमी मिळाले असतील, हेही त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे.

त्याच मेअरमध्ये मामाने त्याला एक नवल दाखवले. शेतावर काही वर्षांपूर्वी पसरलेला चुना आणि राख आता गवताखाली काही इंच खोल गेली होती. ती कोणी पुरली? गांडुळे खालची माती वर आणून टाकतात, म्हणून ती खाली गेली, असा मामाचा तर्क होता. डार्विनने 1837 साली त्यावर निबंध वाचला आणि 1881 साली पुस्तक लिहिले. इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी गांडुळे दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती वर आणतात, असा त्याचा हिशेब होता. माणसाचा नांगर जुना खरा, पण त्याच्याही आधीपासून गांडुळे जमीन नांगरीत आली आहेत!

जमीन हादरली की गांडुळे वर येतात, असे लोक म्हणत. डार्विनने फावड्याने जमीन ठोकून पाहिली, पण ती नेहमीच वर येत नाहीत असे त्याला आढळले. अमेरिकेत फ्लॉरिडामध्ये आमिष विकणारे लोक मात्र जमिनीत खुंटा ठोकतात, त्यावर लोखंडी पट्टी घासतात आणि वर आलेली गांडुळे डब्यात भरतात. असे का होते, याचा उलगडा 2008 साली झाला. जमिनीखाली बिळे खणणारा ‘मोल’ नावाचा प्राणी गांडुळे खातो. त्याच्या खणण्याने माती जशी थरथरते, तशीच ती खुंट्याने थरथरते. वैरी आला असे समजून गांडुळे वर पळतात.

तेव्हा गुरुजी, गळासाठी माती उकरणाऱ्या मुलाला रागावू नका. गांडूळ कोठे सापडले, किती खोल, पावसाआधी की नंतर, हे त्याला विचारा. विज्ञानाचा पहिला धडा तोच आहे. आणि शेतकरी बंधूंनो, पोराला एवढेच सांगा की, लागतील तेवढीच गांडुळे घे, उकरलेली माती परत लोट आणि उरलेली गांडुळे तळ्याकाठच्या उन्हात टाकू नकोस. जिथली तिथे, ओल्या मातीत सोड. तुमच्या शेतातले ते बिनपगारी गडी आहेत.