काळीचा दगड
पराक्रमाचं बक्षीस म्हणून माणसानं काय मागावं? इ.स. 949 च्या सुमारास तक्कोलमच्या लढाईत राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाने चोळांना हरवले. त्याच्या बाजूने लढला गंग राजा दुसरा बुतुग. जैन धर्माला आश्रय देणारं हे घराणं. बुतुगाने आपल्या मणलेर नावाच्या वीराला हवं ते मागायला सांगितलं. त्यानं मागितलं काय, तर काळी नावाचं शिकारी कुत्रं!

पुढे काळीला एका मोठ्या रानडुकरावर सोडलं. झुंजीत दोघंही मेली. आजच्या मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावी, देवळापुढे काळीच्या आठवणीचा दगड उभारला, जमीन नेमून दिली. पुजाऱ्यानं दगड पुजल्याशिवाय जेवू नये, असं त्यावर कन्नडात कोरलंय. आता तो बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे.

मैत्रिणींनो, माया खरीच होती. पण काळीला झुंजीत घातलं तेही मायेच्या माणसांनीच. आणि दगडावर ते डुक्करही आहे बघा. त्याला ना नाव, ना धनी. एका जिवावर जीव जडला की दुसरा दिसेनासा होतो. आपल्या दारचं, भाकरीवर वाढवलेलं कुत्रं शेजारच्या मांजरावर धावलं आणि कौतुकानं हसू आलं, तर हा दगड आठवावा.