धावपट्टी आधी, पर्यटक नंतर

दिवाळी जवळ आली की जिंतूरच्या बसस्थानकाजवळ सहलींचे फलक लागतात. काशी, रामेश्वर, चारधाम यांच्या रांगेत काही वर्षांपासून अंदमानही दिसतं. आपल्या गावाला अजून रेल्वे नाही. गाडी धरायची तर परभणी नाहीतर सेलू गाठावं लागतं. अशा गावातली निवृत्त माणसं बंगालच्या उपसागरातल्या बेटावर कशी पोचली, हा माझ्या संशोधनाचा प्रश्न.

माझ्या आराखड्यातलं पहिलं वाक्य होतं : ‘विमानसेवा आली आणि अंदमानात पर्यटक आले.’ मार्गदर्शकांनी खाली पेन्सिलीनं तीनच शब्द लिहिले, ‘धावपट्टी कधीची आहे?’ मी शोधलं आणि माझं वाक्य तिथेच मोडलं.

पोर्ट ब्लेअरची धावपट्टी जपानी ताब्याच्या काळातली, म्हणजे १९४२ ते १९४५ मधली. लांबा लाइन भागात ती सक्तीच्या मजुरीनं तयार करून घेतली होती. २९ डिसेंबर १९४३ ला नेताजी सुभाषचंद्र बोस पोर्ट ब्लेअरला आले तेही विमानानंच. म्हणजे विमान आलं युद्धासाठी. सहलीच्या गर्दीला पुढे कित्येक दशकं लागली. आजही हा तळ नौदलाचा आहे, आणि नागरी विमानं त्याच धावपट्टीवर उतरतात.

बरं, मग लोकांना जायची इच्छा नव्हती का? मराठी घरांत तर ती विमानाच्या कितीतरी आधीची. सावरकर १९११ साली सेल्युलर जेलमध्ये गेले, १९२१ मध्ये तिथून हलवले गेले, आणि ‘माझी जन्मठेप’ १९२७ मध्ये आलं. कोलू आणि कोठडी आपल्याकडे पुस्तकातून पोचली होती. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी हे कारागृह राष्ट्रीय स्मारक झालं. म्हणजे इच्छा होती, स्मारक होतं, धावपट्टीही होती. अडलं कुठे?

अडलं रजेच्या हिशेबात. चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून जहाजाला साधारण तीन दिवस लागतात. जाऊन-येऊन सहा दिवस पाण्यावरच. त्यात जिंतूरहून चेन्नईपर्यंतचा प्रवास धरा. नोकरदाराला हे जमणार कसं? चेन्नईहून विमान दोन-सव्वादोन तासांत पोचवतं, पण त्याचं भाडं पूर्वी अवाक्याबाहेरचं. खासगी कंपन्यांच्या स्पर्धेनं ते खाली आलं. शिवाय २०१४ पासून केंद्र सरकारच्या ज्या कर्मचाऱ्यांना एरवी विमानप्रवासाचा हक्क नाही, त्यांनाही रजा प्रवास सवलतीत अंदमानला विमानानं जायची मुभा मिळाली. माझ्या मते हा सरकारी आदेश धावपट्टीइतकाच महत्त्वाचा पुरावा आहे. पर्यटनाचा इतिहास लिहिणारे विमानं मोजतात, रजेचे नियम कुणी वाचत नाही!

विमानानं सहलीचा आकारही ठरवला. सगळे एकाच दारातून आत येतात, म्हणून पाच-सहा दिवसांचा ठरलेला फेरा : जेल, रॉस, हॅवलॉक, नील, जमलं तर बाराटांग. (२०१८ मध्ये रॉस, हॅवलॉक, नीलची नावं बदलली, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर ‘श्री विजयपुरम’ झालं; सहलीच्या पत्रकांत मात्र जुनी-नवी नावं शेजारी नांदतात.) दूरच्या लिटल अंदमानसारख्या बेटांवर जायला पुन्हा जहाजच, म्हणून ती फेऱ्याबाहेर राहिली. बाराटांगचा रस्ता जारवांच्या राखीव क्षेत्रातून जातो. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या भागातली वाहतूक बंद करायला सांगितलं होतं, तरी पुढेही गाड्यांचे ताफे जातच राहिले. ‘विमानसेवा सुधारली’ या दोन शब्दांत जारवा कुठे बसतात, हे मला अजून नीट मांडता आलेलं नाही.

जुलै २०२३ मध्ये तिथे नवं टर्मिनल उघडलं. क्षमता वर्षाला ५० लाख प्रवाशांची. २०११ च्या जनगणनेत सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या आसपास होती. उतरणाऱ्यांना पाणी कुठून द्यायचं? पोर्ट ब्लेअरची भिस्त धनीखारी धरणावर, आणि उन्हाळ्यात तिथं टंचाई ठरलेली. येलदरीच्या जवळ राहणाऱ्या आपल्याला ‘धरण उशाला अन् कोरड घशाला’ शिकवायला नको. तिथं तर चारी बाजूंना समुद्र.

आमच्या गल्लीतले पोस्टातून निवृत्त झालेले काका याच सवलतीतून जाऊन आले. मी त्यांचा अल्बम मागितला. जेलचे अकरा फोटो, समुद्राचे दोन. “जहाजानं गेलो असतो तर रजा पाण्यातच सरली असती,” काका म्हणाले. वहीत त्यांनी बोर्डिंग पास टाचून ठेवलाय. तो उष्णतेनं छापणाऱ्या यंत्रातला कागद, त्याची अक्षरं उडत चाललीत. तारीख आणि मार्ग वाचता आला, आसन क्रमांक गेला. मी लगेच फोटो काढून घेतला. तुमच्याही घरी असा पास असेल तर आजच काढा.