शेरी

दक्षिण स्पेनमधील जे शहर अरबी अमलात ‘शरीश’ आणि आज ‘हेरेस’ म्हणून ओळखले जाते, त्याच्याच नावावरून इंग्रजांनी तेथील मद्यास ‘शेरिस’ म्हटले. पुढे अंत्य सकार अनेकवचनाचा समजून गाळला गेला व ‘शेरी’ रूढ झाले. परंतु या एका नावाखाली किती भिन्न प्रकृती नांदतात! पालोमिनो द्राक्षांची फिनो पिंपात यीस्टच्या पांढुरक्या थराखाली हवेपासून सुरक्षित राहते, म्हणून ती फिकट, कोरडी, बदामाच्या गंधाची; आणि दोष झाकावयास गोडव्याचा आसरा नसल्याने मला तीच श्रेष्ठ वाटते. त्याच द्राक्षांच्या ओलोरोसोत मद्यार्क 17 टक्क्यांच्या आसपास चढविल्यामुळे तो थर टिकत नाही, हवा तिला तांबूस करते, आणि पेला नाकाशी नेताच अक्रोड दरवळतो. पेद्रो हिमेनेस ही उन्हात सुकविलेल्या द्राक्षांची, काकवीसारखी दाट.