रखवालदाराची गैरहजेरी



प्रयोगशाळेतील उंदरावर कामगार चळवळीतील माणसाने बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि अशाच व्याख्यानांना मागच्या बाकावर बसून. परंतु या उंदराचा इतिहास वाचताना ही आपल्याच धंद्यातली गोष्ट आहे असे आम्हांस वारंवार वाटले, म्हणून ती आपणांपुढे मांडीत आहोत.

गिरणीत कोणत्या खात्याचे काम काय, हे हजेरीपटावरून कळत नाही. ते खाते एक दिवस बंद पडले म्हणजे कळते. जीवशास्त्रज्ञांपुढे हीच अडचण होती. उंदराच्या पेशीत वीस हजारांहून अधिक जनुके. त्यांपैकी प्रत्येकाचे काम काय? खात्रीचा उपाय एकच: एक जनुक तेवढे बंद पाडावे आणि काय अडते ते पाहावे. अशा उंदराला ‘नॉकआउट’ उंदीर म्हणतात.

बोलायला हे सोपे. करायला तीन माणसांची उमर गेली. १९८१ साली केंब्रिज येथे मार्टिन एव्हन्स यांनी मॅथ्यू कॉफमन यांच्यासह उंदराच्या कोवळ्या गर्भातून अशा पेशी वेगळ्या केल्या, की ज्यांपासून शरीराचा कोणताही भाग घडू शकतो. बाहेरून घातलेला तुकडा पेशीतील नेमक्या जनुकाच्या जागी बसविता येतो, हे अमेरिकेत ऑलिव्हर स्मिथीज आणि मारिओ कापेकी यांनी दाखविले. कापेकी यांनी १९८० मध्ये या कामासाठी सरकारी अनुदान मागितले, तेव्हा हे साधण्याजोगे नाही असे सांगून परीक्षकांनी ते नाकारले. त्यांनी काम सोडले नाही. १९८९ मध्ये या पद्धतीने घडविलेले पहिले उंदीर जन्मास आले आणि २००७ मध्ये तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आमच्या मुख्य विषयाकडे येऊ. ‘पी-५३’ नावाचे एक प्रथिन १९७९ मध्ये अनेक प्रयोगशाळांना जवळजवळ एकाच वेळी सापडले. कर्करोगाच्या पेशींत ते भरपूर आढळे. जेथे गुन्हा तेथे हा हजर. तेव्हा हाच गुन्हेगार, असा तर्क झाला, आणि सुमारे दहा वर्षे त्याचे जनुक कर्करोग घडविणाऱ्यांच्या यादीत राहिले. १९८९ मध्ये उलगडा झाला. प्रयोगात वापरलेली जनुके मुळात बिघडलेली होती. धडधाकट ‘पी-५३’ कर्करोगाला अडवीत असे. पेशीतील वारशाच्या धाग्याला इजा झाली, की ते पेशीची वाढ थांबविते. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर ती पेशीच मोडीत काढते. चोर म्हणून धरलेला मनुष्य रखवालदार निघाला!

मग हा रखवालदार काढून टाकला तर? ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयात लॅरी डोनहोवर, ॲलन ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसा उंदीर घडविला व १९९२ मध्ये त्याची हकीगत प्रसिद्ध केली. इतके महत्त्वाचे जनुक नसताना पिल्लू जन्मासच येणार नाही, अशी पुष्कळांची अटकळ होती. पण पिल्ले जन्मली. बहुतेक सगळी दिसायला, वाढायला अगदी इतर पिल्लांसारखी. तेथेच वही मिटली असती, तर हे जनुक फारसे उपयोगाचे नाही असा शेरा पडला असता. वही उघडी राहिली. सहा महिन्यांच्या आत सुमारे तीन चतुर्थांश उंदरांना गाठी झाल्या, आणि दहा महिन्यांपर्यंत जवळजवळ एकही वाचला नाही. साधा उंदीर दोन वर्षे सहज काढतो.

हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक खाली ठेवले. काही वर्षांपूर्वी एका सूतगिरणीत रात्रपाळीचे चार रखवालदार होते. त्यांतले तीन कमी करण्यात आले. आम्ही हरकत घेतली, तेव्हा आमच्यापुढे सहा महिन्यांच्या उत्पादनाचे आकडे ठेवले गेले. एक किलो सूतही कमी निघाले नव्हते. आम्ही गप्प बसलो. आठव्या महिन्यात कापसाच्या गोदामात रात्री आग लागली, आणि ती वेळेवर पाहणारे कोणी नव्हते. दोन बदली कामगार भाजले. मालकाची चूक आम्ही सभांतून पुष्कळ सांगितली. सहा महिन्यांचा आकडा पाहून आपण मान तुकविली, ही आमची चूक मात्र आज प्रथमच सांगत आहोत.

जनुक काढल्यावर काही अडले नाही, एवढ्यावरून ते निरुपयोगी ठरत नाही. कधी दुसरे जनुक बदली कामगारासारखे त्याची पाळी सांभाळते. कधी त्याचे कामच असे असते, की ते संकटाच्या दिवशीच दिसावे.

या उंदराचा माणसाच्या घरातल्या एका कोड्याशीही संबंध आहे. काही कुटुंबांत तरुणपणीच, पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळे कर्करोग होतात, हे फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी या डॉक्टरांनी १९६९ मध्ये नोंदविले होते. त्यांपैकी अनेकांत ‘पी-५३’ची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते, हे १९९० मध्ये कळले. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले आढळते. १९९४ मध्ये टायलर जॅक्स यांनी स्वतंत्रपणे असाच वंश तयार केला. अमेरिकेतील मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीतून तो संशोधकांना पुरविला जातो, आणि कर्करोगाच्या संशोधनात त्याचा उपयोग होतो.

या ज्ञानाची किंमत त्या उंदरांनी मोजली. जन्मतःच आजार लिहून दिलेला हा जीव आहे, हे विसरून त्याचे गोडवे गाणे आम्हांस जमणार नाही. पण त्याच्यापासून आम्ही एक गोष्ट शिकलो. यापुढे कोणी आमच्यापुढे आकडे ठेवून, ‘हा माणूस काढला, काय अडले?’ असे विचारील, तेव्हा आम्ही आधी विचारू: आपण किती महिने थांबून पाहिलेत?