नोंदीत नसलेला गोल : सर्वेर जेपारोव आणि उझबेकिस्तान

१/ ३ सप्टेंबर २००५, ताश्कंद. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत उझबेकिस्तानची गाठ बहरीनशी पडली होती. यजमान १-० असे आघाडीवर असताना त्यांना पेनल्टी मिळाली आणि मध्यरक्षक सर्वेर जेपारोवने चेंडू अचूक जाळ्यात धाडला. प्रेक्षकांनी हा गोल डोळ्यांनी पाहिला. अधिकृत नोंदीत मात्र तो नाही. ही त्या गोलाची, तो मारणाऱ्या खेळाडूची आणि त्याच्या समाजाची हकिगत.

२/ जेपारोवचा जन्म ३ ऑक्टोबर १९८२ रोजी चिरचिक येथे झाला. ताश्कंदपासून जवळच वसलेले हे कारखान्यांचे शहर. परंतु जेपारोव वंशाने उझबेक नव्हे, क्रिमियन तातार. काळ्या समुद्राकाठचा हा समाज हजारो किलोमीटर दूर मध्य आशियात कसा आला, हे कळल्याशिवाय पुढची कथा उमगणार नाही.

३/ १८ मे १९४४. शत्रूला साथ दिल्याचा ठपका संपूर्ण समाजावर ठेवून स्टालिनच्या राजवटीने क्रिमियन तातारांना घराबाहेर काढले. अवघ्या तीन दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार लोक मालगाड्यांत कोंबले गेले. त्यांत म्हातारेकोतारे होते, तान्ही मुले होती. ज्यांचे पुरुष लाल सेनेत लढत होते अशी कुटुंबेही होती. बहुतेकांची रवानगी उझबेकिस्तानात झाली. वाटेत आणि पुढच्या काही वर्षांत हजारो दगावले.

४/ माणसे हलवल्यावर नोंदी हलवण्यात आल्या. क्रिमियातील तातार गावांची नावे बदलली गेली. १९५९, १९७० आणि १९७९ च्या सोव्हिएत जनगणनांत क्रिमियन तातार असा स्वतंत्र गटच नव्हता; त्यांना सरसकट ‘तातार’ म्हणून मोजले गेले. १९६७ मध्ये सामूहिक आरोप मागे घेतला गेला, पण मायभूमीला परतण्याची वाट व्यवहारात बंदच राहिली. २१ एप्रिल १९६८ रोजी चिरचिकमध्ये उत्सवासाठी जमलेल्या क्रिमियन तातारांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले आणि शेकडोंना अटक केली. जेपारोव जन्मला तो याच गावात, त्यानंतर १४ वर्षांनी.

५/ १९९१ मध्ये उझबेकिस्तान स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्राला स्वतःची ओळख हवी होती आणि फुटबॉल हे ती मिळवण्याचे एक साधन होते. जेपारोव नमनगानच्या नवबहोर संघातून ताश्कंदच्या पख्ताकोरमध्ये आला. ‘पख्ताकोर’ म्हणजे कापूस पिकवणारा. उझबेक अर्थव्यवस्थेचा कणाच या नावात आहे. २००२ ते २००७ या काळात पख्ताकोरने सलग सहा वेळा राष्ट्रीय लीग जिंकली.

६/ आता त्या पेनल्टीकडे वळू. जेपारोवने किक मारण्याआधीच त्याचा एक सहकारी पेनल्टी क्षेत्रात शिरला होता. अशा वेळी गोल झाला, तर पेनल्टी पुन्हा घ्यावी, असा तेव्हाचा नियम होता. जपानी पंच तोशिमित्सु योशिदा यांनी मात्र गोल रद्द करून बहरीनला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. खेळातील निर्णय चुकणे वेगळे आणि नियमच चुकीचा लावणे वेगळे. उझबेकिस्तानने सामना १-० असा जिंकला, तरीही त्याने तक्रार केली. मागणी होती ३-० असा विजय बहाल करण्याची.

७/ फिफाने पंचांची चूक मान्य केली. मात्र ३-० देण्याऐवजी संपूर्ण सामनाच रद्द ठरवून तो नव्याने खेळवण्याचा आदेश दिला. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याच हातचा विजय गेला! ८ ऑक्टोबरला ताश्कंदमध्ये पुन्हा झालेला सामना १-१ असा सुटला. १२ ऑक्टोबरला मनामा येथे ०-० अशी बरोबरी झाली. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलाला अधिक मोल, या नियमानुसार बहरीन पुढे गेले. उझबेकिस्तानचे विश्वचषकाचे स्वप्न भंगले.

८/ जेपारोव मात्र थांबला नाही. २००८ मध्ये तो ताश्कंदच्याच बुन्योदकोर संघात गेला. ब्राझीलचा रिवाल्डो तेथे त्याचा सहकारी होता. त्याच वर्षी जेपारोव आशियातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. हा मान मिळवणारा तो पहिला उझबेक. २०१० मध्ये एफसी सोलसोबत त्याने दक्षिण कोरियाची लीग जिंकली. २०११ च्या आशियाई चषकात उझबेकिस्तानने उपांत्य फेरी गाठली आणि जेपारोवला तो किताब दुसऱ्यांदा लाभला.

९/ दैव मात्र पाठ सोडीना. २०१३ मध्ये पात्रता गटात उझबेकिस्तान आणि दक्षिण कोरिया यांचे प्रत्येकी १४ गुण झाले. गोलफरकात कोरिया अवघ्या एका गोलाने सरस ठरला. सोल येथील लढत कोरियाने १-० अशी जिंकली होती आणि तो एकमेव गोल उझबेक खेळाडूकडूनच झालेला स्वयंगोल होता. पुढे जॉर्डनविरुद्धच्या दोन्ही लढती १-१ अशा बरोबरीत सुटल्या. पेनल्टी शूटआउटमध्ये ८-९ असा पराभव झाला.

१०/ देशासाठी सव्वाशेहून अधिक सामने खेळलेल्या जेपारोवला विश्वचषक खेळायला मिळाला नाही. ५ जून २०२५ रोजी अबू धाबीत संयुक्त अरब अमिरातीला ०-० असे रोखून उझबेकिस्तान अखेर विश्वचषकासाठी पात्र ठरला. मध्य आशियातील हा पहिलाच देश. तोवर जेपारोवची पिढी मैदानाबाहेर गेली होती.

११/ इतिहासाच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? फिफाचा तक्ता आणि सोव्हिएत जनगणना यांची तुलना होऊ शकत नाही. एकीकडे एक खेळ हातचा गेला, दुसरीकडे एका समाजाचे घर गेले. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट दिसते : नोंद कोण ठेवतो, यावर पुढच्या पिढीला काय दिसणार हे अवलंबून असते. जनगणनेच्या तक्त्यात ज्या समाजाला रकाना नव्हता, त्याच समाजातला एक मुलगा उझबेकिस्तानचा कर्णधार झाला. म्हणून तक्ता जरूर वाचावा. मात्र त्यात कोणता रकाना नाही, हेही प्रत्येक वेळी विचारावे.