मला आधी सांगू द्या

गेल्या वर्षी बाबा गेले. त्याआधीचे अकरा महिने त्यांच्या आजारपणात दिवसा आई उशाशी असायची, रात्री मी. पहाटे तीनला औषध द्यायचं असायचं. बाबा गेले, उरलेली औषधं दुकानात परत केली, पण तीनची जाग काही गेली नाही. शेवटी मैत्रिणीने एका थेरपिस्टचा नंबर दिला आणि मी गेले.

समोरच्या मॅडम चांगल्या होत्या. झोप किती लागते, भूक कशी आहे, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, जीव द्यावासा कधी वाटतो का, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी विचारले. मी उत्तरं देत गेले. बाहेर पडल्यावर वाटलं, हा तर फॉर्म भरून घेतला! बोलल्यावर मोकळं वाटतं म्हणतात, मला उलट जास्तच जड झालं होतं. पुढची अपॉइंटमेंट रद्द करायचा मेसेज मी टाइपही करून ठेवला.

तो पाठवला नाही, कारण मला एक खोड आहे. मी इतिहास शिकले आहे. एखादी गोष्ट पटली नाही की ती कुठून सुरू झाली ते शोधत बसते. खुर्चीत बसून अनोळखी माणसाशी बोलायचं आणि त्याला उपचार म्हणायचं, हे सुचलं कुणाला? मला वाटलं होतं, उत्तर 'फ्रॉइड' असेल. तसं नाही.

व्हिएन्ना, १८८०. बर्था पापेनहाइम एकवीस वर्षांची, सुखवस्तू ज्यू घरातली मुलगी. त्या उन्हाळ्यात तिचे वडील अंथरुणाला खिळले. दिवसा आई त्यांच्यापाशी बसायची, रात्री बर्था. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

काही महिन्यांत तीच आजारी पडली. हात लुळा पडला, नजर बिघडली, मायबोली जर्मन तोंडातून येईना. ती फक्त इंग्रजीत बोलू लागली. एप्रिल १८८१ मध्ये वडील गेले आणि दुखणं आणखी वाढलं. योजेफ ब्रॉयर नावाचे डॉक्टर तिला पाहायला येत. संध्याकाळी तंद्रीत असताना ती मनात साचलेलं सांगत सुटायची आणि सांगून झालं की शांत व्हायची. ब्रॉयर यांच्या लक्षात आलं की ऐकणं हेच इथे औषध आहे. या प्रकाराला नाव दिलं ते बर्थाने, त्याच इंग्रजीत: 'टॉकिंग क्युअर', म्हणजे बोलण्याचा उपचार. चेष्टेत ती त्याला धुराडं साफ करणं म्हणायची.

ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली हिस्टेरियावरचं पुस्तक काढलं. त्यात बर्थाची हकीकत 'अ‍ॅना ओ.' या नावाने आहे. त्याच पुस्तकात फ्रॉइड यांची 'एमी फॉन एन.' नावाची पेशंट आहे. डॉक्टर सारखे विचारत होते, हे कशामुळे, ते कुठून आलं? एकदा ती वैतागली आणि म्हणाली की प्रश्न थांबवा, मला जे सांगायचंय ते सांगू द्या. फ्रॉइड यांनी हे जसं घडलं तसं लिहून ठेवलं आहे. ते ऐकायला शिकले त्यात या बाईचा मोठा वाटा आहे. म्हणजे ही रीत डॉक्टरांनी वरून लादलेली नाही. पेशंटनी ती आपल्याला हवी तशी वळवून घेतली.

मग त्या खोलीतल्या बाकीच्या गोष्टीही उलगडत गेल्या. उपचाराची सुरुवात कशी करावी यावर फ्रॉइड यांनी १९१३ साली एक लेखच लिहिला. ठरलेली वेळ तुमची, तुम्ही आला नाहीत तरी तिचे पैसे द्यायचे, हे त्यात आहे. आयत्या वेळी रद्द केल्यावरही फी घेतात ती पद्धत इतकी जुनी. पहिले एक-दोन आठवडे चाचणीचे, हेही त्यात आहे. सुरुवात कुठूनही करा, रेल्वेच्या खिडकीतून दिसेल ते शेजाऱ्याला सांगावं तसं मनात येईल ते सांगा, असं ते पेशंटना सांगत. दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहावं हे सोसत नाही, म्हणून ते कोचामागे बसत, अशी कबुलीही त्यांनी देऊन टाकली आहे!

समोरासमोरच्या दोन खुर्च्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी 'पेशंट' ऐवजी 'क्लायंट' हा शब्द रूढ केला. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी एका क्लायंटची आठही सेशनं रेकॉर्डिंगवरून शब्दशः छापली. बंद दाराआड काय चालतं हे लोकांना पहिल्यांदाच इतकं तपशिलात वाचायला मिळालं. सल्ले देऊ नका, समोरच्याला त्याची वाट सापडेपर्यंत नीट ऐका, असं त्यांचं म्हणणं. 'काय करू ते सांगा' म्हटल्यावर थेरपिस्ट उलट आपल्यालाच विचारतात, त्यामागे हे आहे.

आणि गृहपाठ? अल्बर्ट एलिस एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला घाबरत. त्यांनीच सांगितलेली गोष्ट अशी की ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये त्यांनी स्वतःला बाकावर बसलेल्या शंभर स्त्रियांशी बोलायला लावलं. भेटायला तयार झाली एकच, तीही आली नाही. भीती मात्र गेली. १९५५ पासून त्यांनी आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिच्यात असा सराव घरी करायला देतात. मराठी वाचकांना ते अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस'मुळे ओळखीचे असतील.

राहिला प्रश्न गुप्ततेचा. मला हीच धास्ती जास्त होती. आमच्या कॉलनीत बातमी लपत नाही. 'अ‍ॅना ओ.' म्हणजे बर्था, हे १९५३ साली फ्रॉइड यांच्या चरित्रकाराने, अर्नेस्ट जोन्स यांनी छापून टाकलं. तेव्हा बर्था हयात नव्हती, पण म्हणून ते मला पटलं नाही. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. जिवाला धोका असेल तर किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर, असे मोजके अपवाद आहेत. ते पहिल्याच भेटीत विचारून घ्यावेत.

बर्थाचं पुढे काय झालं? पुस्तकात ती बरी झाल्यासारखं लिहिलंय. खरं तर जून १८८२ मध्ये ब्रॉयर यांचे उपचार थांबले आणि महिन्याभरात तिला स्वित्झर्लंडमधल्या एका सॅनिटोरियममध्ये दाखल व्हावं लागलं. नीट उभं राहायला बरीच वर्षं गेली. पण उभी राहिली ती अशी की १९०४ साली तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना काढली, १९०७ मध्ये निराधार मुली आणि कुमारी मातांसाठी घर सुरू केलं. १९५४ साली पश्चिम जर्मनीने तिचं पोस्टाचं तिकीट काढलं.

एका सेशनमध्ये मला बरं वाटलं नाही म्हणून मी मेसेज टाइप केला होता. तो खोडला.

दुसऱ्या वेळी बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, आज प्रश्न नकोत. मला आधी सांगू द्या." वाटलं, रागावतील. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी विचारणं गरजेचं होतं. पहिल्या भेटीत बहुतेकदा असंच होतं, हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. बोला."

मी शेवटच्या रात्रीबद्दल सांगितलं. तीन वाजले होते आणि माझा डोळा लागला होता. हे मी आईलाही सांगितलेलं नव्हतं.

त्या रात्री तीनला पुन्हा जाग आलीच. पण या वेळी मी घड्याळाकडे न बघता पाणी प्यायले आणि परत आडवी झाले. पुढची भेट गुरुवारी आहे.