टिंबाआडची ओळ

१९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत टॉम्सन व रिची यांनीं युनिक्सचा पाया घातला. फायलींच्या यादींतून एक व दोन टिंबांच्या खुणा गाळण्यासाठीं पहिलें अक्षर तेवढें तपासण्याची सोपी वाट धरली गेली, आणि टिंबानें आरंभणारें प्रत्येक नांव लपलें. याच आडोशाला पुढें प्रत्येकाच्या खाजगी आवडीनिवडी ‘.प्रोफाइल’सारख्या फायलींत नांदूं लागल्या. १९९१ सालीं त्याच घाटाचें लिनक्स आलें. त्याच वर्षीं आमच्या पुण्यांत सी-डॅकनें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. आज मराठीचा संच बसवून त्या फायलींत ‘लँग’पुढें मराठीचा संकेत लिहिला कीं वारमहिन्यांचीं नांवें मराठींत उमटतात. महासंगणकाचा अभिमान आम्ही मिरवितों, मायबोलीच्या उपेक्षेबद्दल सरकारास दोष देतों. पण ही एक ओळ लिहिण्यास आम्हांस कोणाची अनुज्ञा हवी होती?